आईने मटण शिजवलं असतं तर

‘कोबी आणि सलगम, यांनीच मला घालवलं;
आईने मटण शिजवलं असतं, तर नसतं पाऊल हलवलं.’

जर्मनीतल्या कुणा अनाम पोराची ही तक्रार. पठ्ठ्या घर सोडून निघालाय आणि कारण काय, तर ना भांडण, ना प्रेमभंग, ना जग बघायची हौस. रोज रोज ताटात तेच. चालही शब्दांना शोभेल अशीच, ठसकेबाज. एकदा कानात शिरली की दिवसभर ओठांवरून हलत नाही.

आता हे गाणं कुठे जाऊन बसलंय ते बघा. १७४१ साली न्यूरेंबर्गच्या बाल्थाझार श्मिडने योहान सेबास्टियन बाखची एक रचना छापली. आज तिला सगळे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ म्हणतात. सुरुवातीला एक संथ ‘आरिया’, म्हणजे गाण्यासारखी चाल, मग तिच्या खालच्या स्वरांच्या पायावर उभी केलेली तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. यातलं दर तिसरं रूप ‘कॅनन’ आहे, म्हणजे एक आवाज पुढे जातो आणि दुसरा तीच चाल घेऊन मागून निघतो. पहिल्या कॅननमध्ये दोघे एकाच स्वरावरून निघतात, पुढच्यात एका स्वराचं अंतर, मग दोन, असं करत सत्ताविसाव्या रूपापर्यंत ते अंतर नवव्या स्वरावर येतं. हिशेबाने तिसावं रूप दहाव्या स्वरावरचा कॅनन असायला हवं. इतका वेळ सगळं गणितासारखं नेटाने आणलंय, आता शेवटची पायरी. आणि तिथे बाख कॅनन लिहीतच नाही. तो दोन बाजारू गाणी एकमेकांत गुंफतो. एक हे कोबी-सलगमचं. दुसरं, ‘कित्ती दिवसांत आलो नाही तुझ्याकडे, सरक गं जवळ, सरक.’

शब्द अर्थातच छापलेले नाहीत; हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्याला कुठले शब्द! ते बाखच्या शिष्यपरंपरेच्या आठवणीतून पुढे आले. पण त्या काळच्या सॅक्सनीतल्या, बाखच्याच मुलखातल्या, माणसाला ते सांगावे लागले नसते.

मी जर्मन शिकलो पुण्यात, पोटापाण्यासाठी. संगीत त्यामागून आलं, आणि बराच काळ ते माझ्यासाठी विगवाल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या थोर पुरुषांचं संगीत होतं. या तिसाव्या रूपाचे शब्द कळले तेव्हा ती आठी जरा सैल झाली. अभ्यासकांनी या विनोदाचा एक अर्थ लावलाय, तो मला पटतोही: इतका वेळ बाजूला राहिलेली मूळ आरियाच जणू बोलतेय. ‘फार दिवस तुझ्याकडे आले नाही. या कोबी-सलगमांनी, म्हणजे या तीस खटपटींनी, मला घराबाहेर काढलं होतं.’ आणि लगेच ती परतते. छान आहे. पण काही वादक तेवढ्यावर थांबत नाहीत. ते या रूपाला निरोपाचं, जवळजवळ प्रार्थनेचं वळण देतात, हळू करतात, डोळे मिटतात. बाखची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली, पुढच्या वर्षी वडीलही गेले, तेव्हा ‘आईने शिजवलं असतं तर’ या ओळीवर कुणी रडायचं ठरवलं तर सामग्री तयारच आहे. मी नाही रडणार. मला हे रूप जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून गाणाऱ्या चार काकांच्या आवाजातच ऐकायला आवडतं.

आणि काका होतेच. बाखचा पहिला चरित्रकार फोर्केल १८०२ साली लिहितो, की थुरिंगियातलं हे बाख घराणं वर्षातून एकदा एरफुर्ट, आइझेनाख किंवा आर्नश्टाटला जमायचं. सगळे कुठल्या ना कुठल्या गावचे चर्चमधले वादक, कँटर (म्हणजे चर्चचे संगीतप्रमुख) किंवा नगरवादक. आधी सगळे मिळून एक कोराल, म्हणजे चर्चचं भजन गायचे. देवाचं झालं की मग थट्टा सुरू. लोकगीतं, काही विनोदी, काही चावट, जागच्या जागी एकत्र गायची, प्रत्येकाच्या तोंडी वेगळे शब्द, पण स्वर एकमेकांना धरून. फोर्केल म्हणतो, ते स्वतः पोटभर हसायचे आणि ऐकणाऱ्यांनाही हसू आवरायचं नाही. तिसावं रूप या जातीचं आहे. बाखने त्याला जे नाव दिलं, ‘क्वोडलिबेट’, तेच नाव फोर्केल त्या घरगुती धिंगाण्यालाही देतो.

या घराण्याचा मूळ पुरुष भटारखानेवाला होता. १७३५ साली बाखने स्वतः आपल्या घराण्याची हकीकत लिहून काढली. तिच्यात पहिलंच नाव आहे फाइट बाख. पांढरा पाव भाजणारा, धर्मासाठी हंगेरी सोडून थुरिंगियातल्या वेखमार गावी आलेला. त्याला सिटर्न नावाचं एक छोटं तंतुवाद्य वाजवायचा नाद. पीठ दळायला गिरणीत जायचा तेव्हा ते बरोबर न्यायचा आणि दळण चालू असताना वाजवत बसायचा. ‘काय झकास जमत असेल दोघांचं!’ असा शेरा बाख मारतो, आणि पुढे म्हणतो, पण ताल धरायला तो यातूनच शिकला असणार. आमच्या घराण्यात संगीत आलं ते असं.

हे वाचताना मराठी माणसाला जात्यावरची ओवी आठवली नाही तरच नवल. मला आठवली, पण लगेच फरकही दिसला. फाइटचे हात मोकळे होते. दळायचं काम पाण्याच्या जोरावर चाललेलं, हा बाजूला बसून तार छेडतोय. आमच्या बायकांचे दोन्ही हात खुंट्याला. म्हणून ओवीला वाद्य नाही, फक्त गळा आहे. आणि म्हणून ओवीतून सात पिढ्यांचे वादक निघाले नाहीत.

कोबी-सलगमची चालही बघायला गेलं तर उसनीच. ती इटलीतल्या बर्गामोकडच्या एका नाचाची, ‘बर्गामास्का’ची, भावंड शोभेल अशी चाल. रोममधल्या फ्रेस्कोबाल्दीने १६३५ साली छापलेल्या चर्चच्या ऑर्गनसंगीताच्या पुस्तकात शेवटी एक बर्गामास्का घातली आणि वर लिहिलं, हिला जो वाजवील तो थोडंथोडकं शिकणार नाही. त्या पुस्तकाची नक्कल बाखच्या संग्रहात होती. ल्यूबेकचा ऑर्गनवादक बुक्सटेहूडे याने याच चालीवर बत्तीस रूपं रचली, ‘जी मेजर’ या स्वरपट्टीत. गोल्डबर्गही जी मेजरमध्ये, आणि दोन्ही आरिया धरून तिचे भागही बत्तीस. १७०५ साली वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून ल्यूबेकला या म्हाताऱ्या बुक्सटेहूडेला ऐकायला गेला होता. चारशेच्या आसपास किलोमीटर, पायी. महिनाभराची रजा घेऊन गेला आणि काही महिन्यांनी उगवला. तिथे त्याने ती बत्तीस रूपं ऐकली असतील असं मानायला मला आवडतं. वाटेत काय खाल्लं असेल हेही.

वाटेतल्या खाण्याची एक गोष्ट मात्र बाख म्हातारपणी आवडीने सांगायचा म्हणे. ल्यूनेबुर्गला शाळेत असताना तो हॅम्बुर्गला ऑर्गन ऐकायला चालत जायचा. परतताना एकदा पैसे संपले. एका खानावळीबाहेर आतल्या रश्श्याचा वास घेत बसला होता, तेवढ्यात खिडकी उघडली आणि कुणीतरी हेरिंग माशाची दोन डोकी उकिरड्यावर टाकली. पोराने ती उचलली, फोडली, तर प्रत्येकात एकेक डॅनिश सोन्याचं नाणं. मार्पुर्ग या संगीतलेखकाने १७८६ साली ही गोष्ट छापली. खरीखोटी देव जाणे. पण त्या पैशांतून त्याने आधी भाजलेलं मटण खाल्लं आणि मग पुन्हा हॅम्बुर्गची वाट धरली, हा तपशील कुणा भुकेल्यानेच घातलेला आहे.

तेव्हाच्या सॅक्सनीत बटाटा अजून रोजच्या ताटात रुळलेला नव्हता. शेजारच्या प्रशियात फ्रेडरिक राजाने बटाटा लावायचा प्रसिद्ध हुकूम काढला तो १७५६ साली. तोवर गरिबाचा हिवाळा म्हणजे मीठ घालून बरणीत आंबवलेला कोबी आणि तळघरातले कंद. मटण सणासुदीचं. १९१६-१७च्या हिवाळ्यात, पहिल्या महायुद्धातल्या उपासमारीत, जर्मनीला पुन्हा त्याच भावकीतल्या कंदावर दिवस काढावे लागले. बटाट्याचं पीक बुडालं होतं. त्या हिवाळ्याला तिथे आजही त्या कंदाच्याच नावाने ओळखतात.

गोल्डबर्ग छापल्यावर पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७४२ला, बाखच्या संगीतात कोबी पुन्हा आला. या वेळी शब्दांसकट. लाइपझिगजवळच्या क्लाइनत्शोखर गावाला कार्ल हाइनरिख फॉन डिस्काउ हा नवा जमीनदार मिळाला, त्याच्या स्वागतासाठी बाखने जो ‘कँटाटा’, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची रचना, केला तो सॅक्सन बोलीत सुरू होतो. शेतकरी आणि त्याची मैत्रीण मीके. ‘आम्हाला नवा मालक मिळाला, आमचा साहेब, तो आम्हाला बिअर देतो, ती थेट डोक्यात जाते.’ एवढं स्तुतिपर झालं की ते हळूच वसुलीवाल्यांकडे वळतात. ‘अहो वसुलीवाले, आम्हा गरीब शेतकऱ्यांशी फार वाईट वागू नका. आमची कातडी तेवढी सोडा. कोबी खा हवा तर, सुरवंटासारखा, पार बोडक्या दांड्यापर्यंत, पण तेवढ्यावर पोट भरा!’

हे मालकासमोर गायचं आहे, त्याच्याच समारंभात. आणि हे शब्द लिहिणारा कवी पिकांडर, खरं नाव हेनरिकी, स्वतः लाइपझिगमध्ये मद्याचा आणि जमिनीचा कर वसूल करणारा अधिकारी! सुरवंटाला आपली उपमा चांगलीच ठाऊक असणार. शेतकऱ्यांनी हसत हसत गाऱ्हाणं घालायचं, मालकाने हसत हसत ऐकून घ्यायचं, आणि सारा होता तेवढाच राहायचा. असले प्रसंग आपल्याकडेही किती झाले असतील त्याची गणती नको.

या कँटाटात बाख आपल्याच धंद्याचीही फिरकी घेतो. मध्येच मीके एक नाजूक, शहरी थाटाचा आरिया गाते, तर शेतकरी म्हणतो, ‘हे फार शहाणपणाचं झालं, शहरवाल्यांच्या पद्धतीचं. आम्ही शेतकरी इतकं हळू गात नाही.’ आणि जोरात गाऊ लागतो. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा कँटर, सत्तावन्न वर्षांचा, ज्याच्या संगीताला त्याच्याच काळातले टीकाकार गुंतागुंतीचं आणि बोजड म्हणत होते, तो हे लिहितोय. शेवटी सगळे गुत्त्याकडे निघतात, जिथे मश्कबाजा घुमतोय.

बाखनंतरच्या पिढीतला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन. त्याची आई काउंट हाराखच्या वाड्यात स्वयंपाकीण होती, वडील गाड्यांची चाकं करायचे. १७६५ साली हायडनने एका गाण्यावर मोठं ‘काप्रिचियो’, म्हणजे लहरी, मोकळ्या ढंगाची रचना, रचलं. गाण्याचा विषय असा, की एका डुकराला खच्ची करायला आठ माणसं लागतात. दोघे पुढून, दोघे मागून वगैरे. आज मैफिलीत हे शांतपणे, पाठ ताठ करून वाजवलं जातं. (हेही जी मेजर. लोकगीत आलं की हा स्वर का येतो? व्हायोलिनच्या मोकळ्या तारांवर तो सहज बसतो आणि गावातल्या नाचाला व्हायोलिनच असायचं, एवढंच मला सुचतं.) बेथोव्हेननेही एका उशिराच्या, फार आदराने ऐकल्या जाणाऱ्या सोनाटात ‘आमच्या मांजरीला पिल्लं झाली’ हे गाणं आणलंय. त्यात खाणं नाही, म्हणून पुढे जाऊ.

एकोणिसाव्या शतकात लोकगीतं शिकलेल्या माणसांच्या हातात आली. आर्निम आणि ब्रेंटानो या दोघा तरुण कवींनी १८०५ ते १८०८ या काळात ‘मुलाचं जादूचं शिंग’ अशा अर्थाच्या नावाने तीन खंड काढले, हवं तिथे स्वतःची लेखणीही चालवली. पहिला खंड महाकवी गटेला अर्पण केलेला. गटेने लिहिलं, की हे पुस्तक प्रत्येक घरात खिडकीशी, आरशाखाली, किंवा जिथे भजनाची आणि स्वयंपाकाची पुस्तकं ठेवतात तिथे असायला हवं. गटे काही उगाच बोलत नाही. पुढे झालं मात्र उलटं. लोकगीत दिवाणखान्यात पियानोवर गेलं, आणि तिथे त्याच्या अंगाला येणारा चुलीचा वास पुसला गेला. ब्राम्सने १८९४मध्ये प्रसिद्ध केलेली एकोणपन्नास लोकगीतं मला फार आवडतात, पण त्यांत प्रेम आहे, विरह आहे, रात्र आहे. स्वयंपाकघर जवळजवळ नाही.

ते सापडतं ऑपेरात, तेही मुलांच्या. २३ डिसेंबर १८९३ला वायमारमध्ये रिखार्ड श्ट्राउसच्या संगीतसंचालनाखाली हुम्पर्डिंक या संगीतकाराचा ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’ पहिल्यांदा झाला. पडदा उघडतो तो एका जुन्या बालगीतावर, आणि पोरं उपाशी. घरात दुधाचा एकच घडा, तोही आईच्या हातून फुटतो. संतापाने ती पोरांना रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला हाकलते. मग झाडू विकणारा बाप झिंगत, गात येतो: ‘आम्ही गरीब, गरीब माणसं, आजच्यासारखाच रोजचा दिवस, खिशाला मोठं भोक, पोटाला त्याहून मोठं!’ आज मात्र झाडू चांगले खपलेत. तो टोपली उघडतो: डुकराची चरबी, लोणी, पीठ, सॉसेज, चौदा अंडी, ‘आणि अंडी हल्ली केवढी महाग झालीत!’ असं त्यातच येऊन जातं, शेंगा, कांदे आणि चक्क पाव पाउंड कॉफी. चेटकिणीच्या साखरेच्या घराची सगळी वाहवा करतात. मला मात्र त्या सगळ्या ऑपेरात ही बाजाराची टोपलीच जास्त आवडते. ऑर्केस्ट्रा इतका उचंबळतो जणू वाग्नरचा नायक तलवार उपसतोय, आणि निघतात कांदे.

याच सुमारास संगीतकार गुस्टाफ माहलर त्या ‘जादूच्या शिंगा’तली गाणी स्वरात बांधत होता. मोराव्हियातल्या इग्लाउ गावी त्याच्या बापाचा गुत्ता आणि दारूची भट्टी. चौदा भावंडं, त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. माहलरने त्या संग्रहातून भुकेची दोन गाणी उचलली आणि दोघांची मूळ नावं बदलून एकाचं ‘पृथ्वीवरचं जीवन’, दुसऱ्याचं ‘स्वर्गातलं जीवन’ केलं. पुस्तकात ही गाणी एकमेकांची कुणी नव्हती. जोडी लावली ती माहलरने.

पहिल्या गाण्यात मूल म्हणतं, ‘आई, अगं आई, भूक लागली, भाकर दे, नाहीतर मी मरेन.’ आई म्हणते, थांब बाळा, उद्या कापणी करू. कापणी होते, मूल रडतंच आहे. थांब बाळा, उद्या मळणी करू. मग, उद्या भाजू. भाकर भाजून होते तेव्हा मूल तिरडीवर असतं. खाली तंतुवाद्यांची एकसारखी, न थकणारी घरघर. मला ती गिरणीच वाटते, फाइट बाख जिच्या तालावर वाजवत बसायचा तसली. इथे तिच्याबरोबर कुणी वाजवत नाही, कुणीतरी ओरडतंय, आणि तिला त्याचं काही नाही. आई वाईट नाही, आळशीही नाही. ती खरंच दुसऱ्या दिवशी कापणी करते.

दुसरं गाणं १८९२मध्ये झालं. आधी तिसऱ्या सिंफनीचा शेवट म्हणून योजलं, मग चौथीच्या शेवटी गेलं. २५ नोव्हेंबर १९०१ला म्युनिकमध्ये ती सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोक नाराज झाले. आधीच्या माहलरसारखं काही प्रचंड ऐकायला आले होते, आणि शेवटी एक बाई पोराच्या आवाजात जेवणाची यादी म्हणू लागली. कारण स्वर्ग आहे तो एवढाच. तिथे देवाचं दर्शन वगैरे काही नाही. शतावरीचे कोंब, फरसबी, सफरचंदं, नाशपती, द्राक्षं, ताटंच्या ताटं भरलेली. हरणं आणि ससे रस्त्यावर आपणहून धावत येतात. उपासाचा दिवस आला तर मासे खुशीत पोहत येतात आणि संत पीटर जाळं घेऊन तळ्याकडे पळतो. वाइनला दमडीही पडत नाही. आणि एक ओळ अशी: ‘माळी तिथले सगळ्याला परवानगी देतात.’

ही ओळ मी बरेच दिवस नुसती ऐकत होतो. मग क्लाइनत्शोखरचा शेतकरी आठवला. जर्मन खेड्यात हरीण मारायचा हक्क जमीनदाराचा. गरिबाने मारलं तर चोरी, आणि शिक्षा जबर. वाइनवर कर. बागेला राखणदार. गाण्यातल्या पोराला स्वर्गात काय वेगळं दिसलं, तर हरीण उघड्या रस्त्यावर आहे आणि कुणी हटकत नाही. त्या स्वर्गात वसुलीवाला नाही. हेरोड आहे, बायबलमधला बालहत्या करणारा, पण इथे खाटीक म्हणून. संत ल्यूक बैल कापतो, क्षणाचाही विचार न करता. आणि गरीब कोकराला मुलं स्वतःच कापायला नेतात. माहलर तिथे ऑर्केस्ट्रात बैलाचं हंबरणं ठेवतो. पोर मात्र रमलेलं. आईने मटण शिजवलं असतं तर, म्हणणाऱ्याला मटण कुठून येतं याची काळजी कधी होती?

गायिकेसाठी माहलरने लिहून ठेवलंय: बालसुलभ, आनंदी भावाने, आणि अजिबात विडंबन न करता. बऱ्याच जणी तरीही डोळे मिचकावतात. शतावरी म्हणताना सभागृहाकडे बघून हसतात, जणू सांगतायत, बघा कसं गोड आहे. मला तिथे रेकॉर्ड बदलावीशी वाटते. जिचं पोट भरलेलं आहे तिलाच हे गोड वाटेल.

या गाण्यात कडव्यांच्या शेवटी संगीत थबकतं. घुंगरांचा खुळखुळाट थांबतो, लय ओढली जाते, आणि एक ओळ चर्चमधल्या कोरालसारखी, हात जोडून म्हटल्यासारखी येते. पहिल्या कडव्यात ती ओळ संत पीटर वरून बघतोय अशी आहे, इथवर रीतसर. दुसऱ्यात तीच भक्तिभावाची चाल येते या शब्दांवर: ‘देवदूत, ते भाजतात पाव.’ आणि तिसऱ्यात मार्थावर. बायबलमधली मार्था ही येशू घरी आला तेव्हा रांधण्या-वाढण्यात गुंतली म्हणून बोलणी खाल्लेली बहीण. पायाशी बसून ऐकणारी मेरी शहाणी ठरली. शतकानुशतकं प्रवचनांत मार्थाला हे ऐकून घ्यावं लागलंय. या गाण्यातलं पोर तिचा निकाल फिरवतं, आणि माहलर त्यासाठी अख्खा ऑर्केस्ट्रा भजनाला बसवतो: ‘संत मार्था, स्वयंपाकीण तीच हवी.’